कुत्र्याच्या पंजाला काच किंवा काटा लागला तर

फिरून आल्यावर कुत्रा लंगडत असेल तर आधी बोटांमधली जागा बघा. बाभळीचा काटा बहुधा तिथेच दडलेला असतो. टोक वर दिसत असेल तर चिमट्याने काढा. खोल रुतला असेल तर हात लावू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. पंजा कोमट पाण्याने धुवा. बेटाडिनमध्ये फिक्क्या चहाचा रंग येईपर्यंत पाणी घाला आणि त्याने जखम पुसा. वाळेपर्यंत चाटू देऊ नका. डेटॉल नकोच, बिचाऱ्याची आग आग होते. रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरा. 10 मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठा. पट्टी सैलसर बांधा, रोज बदला, बोटं सुजली तर लगेच सोडा. आणि कळवळून आपली आयबुप्रोफेनची गोळी मात्र कधीच देऊ नका, तिने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडतं.