बारावीनंतर कॉम्प्युटरची डिग्री घ्यायची की कोडिंगचा क्लास लावायचा? पैसे भरायच्या आधी हे करा

निकाल लागला की दरवर्षी नातेवाइकांचे फोन सुरू होतात, आणि प्रश्न ठरलेला असतो, दादा चार वर्षं इंजिनिअरिंगमध्ये घालवण्यापेक्षा सहा महिन्यांचा फुल स्टॅकचा (वेबसाईटची पुढची-मागची सगळी बाजू बनवायला शिकवणारा) कोर्स करून डायरेक्ट जॉबला लागलं तर चालेल का? मी स्वतः बीसीएस केलंय, पुण्यात कॉट बेसिसवर राहून नोकरी शोधलीय, आणि आता काही वर्षं फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतोय, त्यामुळे फोनवर जे सांगतो तेच इथे नीट लिहून ठेवतो.

पहिलं काम म्हणजे तुम्ही नक्की कुठे उभे आहात ते बघा, कारण बारावी झालेल्या मुलाला जे उत्तर लागू पडतं ते मेकॅनिकल करून दोन वर्षं चाकणच्या कंपनीत काढलेल्या मुलाला लागू पडत नाही. बूटकॅम्प, म्हणजे असे काही महिन्यांचे कोडिंगचे क्लास, हा प्रकार अमेरिकेत साधारण 2012 च्या सुमारास सुरू झाला तेव्हा तिकडे येणाऱ्यांत बरेचसे आधीच दुसऱ्या कुठल्यातरी विषयाची डिग्री असलेले लोक होते, ज्यांना फक्त लाईन बदलायची होती. आपल्याकडे तोच कोर्स डिग्रीच्या ऐवजी म्हणून बारावीच्या मुलांना विकला जातो, आणि खरी गडबड इथेच आहे.

बारावी झाली असेल तर माझं स्पष्ट मत, डिग्री सोडू नका. बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्यांच्या कॅम्पस ड्राईव्हला पहिली चाळणीच दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे 60 टक्के आणि एकही बॅकलॉग शिल्लक नाही अशी असते, तिथे तुमचा कोड कोणी बघतसुद्धा नाही. बँकेच्या आयटी ऑफिसरची परीक्षा, एमटेकसाठीची गेट परीक्षा, पुढे एमसीए, उद्या अमेरिकेला जायचं ठरलं तर नोकरीसाठीचा एच-वन-बी व्हिसा, सगळीकडे बॅचलर डिग्री किंवा तिच्या तोडीचं काहीतरी मागतात. अठराव्या वर्षी हे सगळं लांबचं वाटतं, पण पंचविसाव्या वर्षी डिग्री नाही म्हणून अडलेली हुशार मुलं मी बघितलीत आणि मला त्याचं खूप वाईट वाटतं.

पण डिग्री म्हणजे दहा-बारा लाखांचं खाजगी कॉलेजच असं काही नाही. सीईटीला स्कोअर चांगला असेल तर कॅप राऊंडमधून (सरकारची एकत्रित प्रवेश प्रक्रिया) सरकारी किंवा अनुदानित कॉलेज बघा. नाही मिळालं तर जवळच्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, म्हणजे आपलं बीसीएस, किंवा बीसीए (2024 पासून बीसीएलाही सीईटी आहे, तो फॉर्म विसरू नका). दहावीनंतर डिप्लोमा झाला असेल तर इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. आणि आयआयटी मद्रासचा ऑनलाईन बीएस कोर्स आहे, डेटा सायन्सचा, त्याला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची क्वालिफायर पास व्हावी लागते, परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायच्या आणि मधल्या टप्प्यावर डिप्लोमा घेऊन बाहेरही पडता येतं. यूजीसीने 2022 पासून एक रेग्युलर आणि एक ऑनलाईन अशा दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिलीय, म्हणजे गावातल्या कॉलेजात बीएस्सी चालू ठेवून हे करता येतं. सोपं नाहीये, गणित चांगलंच लागतं.

आता कॉलेजात काय शिकवतात आणि क्लासमध्ये काय शिकवतात हा मुद्दा जरा निवांत समजून घ्या. क्लासवाला तुम्हाला रिअ‍ॅक्ट, नोड, स्प्रिंग बूट, गिट अशी वेबसाईट बनवायची साधनं आणि वेबसाईट लाईव्ह कशी करायची हे दाखवतो, आणि ते खरंच उपयोगाचं असतं, कारण कॉलेजात आजही जर्नल हाताने लिहून सही घेण्यात सेमिस्टर संपतं. पण कॉलेजातले डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस (डेटाबेस), नेटवर्किंग हे चार विषय कंटाळवाणे वाटले तरी तेच पुढे कामाला येतात. एक उदाहरण देतो. इंटरव्ह्यूला एक मुलगा आला होता, क्लासमधून शिकलेला, त्याने मेडिकल स्टोअरच्या स्टॉकचं अ‍ॅप सुंदर बनवलं होतं, स्क्रीन वगैरे एकदम व्यवस्थित. मी विचारलं की औषधांच्या नोंदी लाखावर गेल्या आणि नाव शोधायला वेळ लागायला लागला तर काय करशील? तो म्हणाला सर्व्हर मोठा घेऊ. त्याला इंडेक्स (नावाप्रमाणे लावून ठेवलेली शोधायची यादी) ही गोष्टच कोणी सांगितली नव्हती. लाख नोंदी एकेक करून वाचायच्या म्हणजे वाईटात वाईट लाख वेळा बघावं लागतं, पण त्याच नोंदी नावाप्रमाणे लावून ठेवल्या आणि दरवेळी अर्धा भाग सोडत गेलं तर जास्तीत जास्त 17 वेळा बघून काम होतं. हा फरक ज्याला कळतो तो पुढे कुठलीही नवी लँग्वेज आली तरी अडत नाही. आणि आता साधे फॉर्म, लॉगिन पेज एआय लिहून देतंय, तेव्हा लिहिलेलं बरोबर आहे का हे ओळखणाऱ्या माणसाची किंमत वाढलीय असं मला रोजच्या कामात दिसतं.

म्हणून बारावीवाल्यांनी डिग्री चालू ठेवून क्लासमधल्या गोष्टी सेकंड इयरपासून स्वतः शिकायच्या. आयआयटीवाल्यांची एनपीटीईएलची ऑनलाईन लेक्चर्स फुकट आहेत, हार्वर्डचा सीएस फिफ्टी हा सुरुवातीचा कोर्स फुकट आहे.

डिग्री झालीय पण दुसऱ्या विषयाची, त्यांच्यासाठी गोष्ट वेगळी. तुम्ही क्लास लावू शकता, पण त्याआधी सहा आठवडे रोज दीड तास, एक रुपया न भरता, घरी बसून कोड लिहून बघा. आईच्या भिशीचा हिशोब ठेवणारा छोटा प्रोग्राम करा, कोणाचा नंबर लागला, कोणाचे पैसे यायचेत. चौथ्या आठवड्यात प्रोग्राम चालत नाही म्हणून रात्री बारापर्यंत बसावंसं वाटलं तर पुढे जा. नको वाटलं तर तुमचे लाखभर रुपये वाचले, त्यात कमीपणा काही नाही.

इंजिनिअरिंग कुठल्याही ब्रँचचं असेल तर सीडॅक या सरकारी संस्थेचा, पीजी-डॅक नावाने ओळखला जाणारा अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा कोर्स आधी बघा. 24 आठवडे, 900 तास, पूर्णवेळ. प्रवेशाला सी-कॅट परीक्षा असते आणि तिच्यात सी लँग्वेज, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग विचारतात, म्हणजे परत त्या चारांतलेच तीन विषय! नुसतं बीसीए, बीसीएस झालेल्यांनी पात्रतेचे नियम आधी वाचून घ्या.

खाजगी क्लास लावायचाच ठरला तर डेमो लेक्चरवर जाऊ नका, चालू बॅचमध्ये एक दिवस बसू द्या म्हणावं. प्लेसमेंट विचारताना हायेस्ट पॅकेज विचारू नका, मागच्या बॅचला किती जणांनी फी भरली, त्यातले सहा महिन्यांत किती जण डेव्हलपर म्हणून लागले हे विचारा, आणि भिंतीवर फोटो लावलेली मुलं सोडून लिंक्डइनवर स्वतः शोधलेल्या तीन मुलांशी बोला. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणाले की कर्ज कोणाच्या नावावर आहे ते बघा. माझ्या मावसभावाने कोर्स दुसऱ्या महिन्यात सोडला, क्लासने हात वर केले, पण कर्ज फायनान्स कंपनीचं होतं आणि त्याच्याच नावावर, हप्ते चालूच राहिले आणि सिबिल स्कोअर (कर्ज फेडण्याची पत) खराब झाला तो वेगळाच. आरबीआयच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जात सगळा खर्च एका कागदावर द्यावा लागतो आणि सुरुवातीच्या ठरलेल्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तो कागद मागून घ्या, आणि सही करायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला वाचायला लावा. पगार लागल्यावर फी भरा असा करार असेल तर किती पगाराला, किती महिने, आणि नोकरी लागलीच नाही तर काय, हे तिन्ही लेखी पाहिजे.

आणि एक, दोन वर्षांचा एक्सपिरियन्स दाखवून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. व्हेरिफिकेशनमध्ये पीएफची नोंद बघतात, त्यात ते निघतं आणि लागलेली नोकरी जाते. कृपा करून या फंदात पडू नका.

बारावीवाल्यांनी आजच कागदपत्रं काढायला घ्या, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर नॉन क्रिमिलेअर आणि कास्ट व्हॅलिडिटी. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला तर 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि हे अजून कित्येक पालकांना माहीतच नाही. निकालानंतर सेतू केंद्रावर लाईन लागते आणि दाखला हातात यायला वेळ जातो, म्हणून त्याआधीच अर्ज टाकून पावती जपून ठेवा.