शाळेकडून अभ्यासक्रमाचं नियोजन लेखी कसं मिळवाल?

वर्षभरात काय शिकवणार, त्यातलं किती झालं आणि गुण कशावर देणार, हे पालकांना कळायलाच हवं. आधी पालकसभेत विचारा. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 24 नुसार अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पूर्ण करणं आणि मुलाची प्रगती पालकांना सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. तरीही टाळाटाळ झाली, तर माहितीचा अधिकार वापरा.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि अनुदानित शाळेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यायची. शाळा विनाअनुदानित असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयात द्या.

खरी अडचण आहे ती माहितीचं वर्णन लिहिण्यात. माझ्या पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, ‘नववीचं गणित मागे का पडलं? जबाबदार कोण?’ तिसाव्या दिवशी उत्तर आलं, ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ महिना गेला आणि सहामाही तोंडावर आली. या कायद्यात कागदावर असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. म्हणून ‘का’ हा शब्दच नको. कागदाचं नाव लिहा: ‘इयत्ता नववी, गणित, चालू वर्ष. वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि जून ते सप्टेंबरचं पाठ टाचण यांच्या प्रती.’ नियोजन आणि टाचण (शिक्षकाने लिहिलेली रोजच्या पाठाची नोंद) शेजारी ठेवलं की कुठला घटक राहिला ते आपल्यालाच दिसतं.

‘एकदाच सगळं मागून घ्या’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. कारणही लिहू नका, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(2) नुसार ते द्यावं लागत नाही. दुसऱ्या मुलांचे गुण मागू नका. ती त्यांची खासगी बाब आहे आणि तेवढ्यावरून अर्ज अडकतो. बोर्डाच्या परीक्षेची स्वतःची उत्तरपत्रिका मात्र विद्यार्थ्याला पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय.

30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा.

टाचण ‘उपलब्ध नाही’ असं तोंडी सांगितलं, तर तेच लेखी मागा. शाळेत आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन समिती असेल, तर तो कागद तिच्या बैठकीत ठेवा. तिथे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.