रायडिंग मोअरची बॅटरी सारखी उतरते? नवी आणण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेत गावाबाहेर एकरभर आवाराचं घर घेतलं की रायडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, ओघानं येतोच. हिवाळाभर तो गराजमध्ये पडून असतो. एप्रिलमध्ये किल्ली फिरवावी तर नुसतं 'टक्'. मग आपली मंडळी सरळ दुकानात जाऊन नवी बॅटरी घेऊन येतात. काही आठवडे झकास चालतं, आणि एका शनिवारी पुन्हा 'टक्'. अशा वेळी नव्या बॅटरीला शिव्या घालू नका. तिच्यापर्यंत चार्ज पोचत नसेल, तर कुठलीही बॅटरी अशीच उतरणार.

न मोजता खर्च करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. व्होल्ट मोजायचा साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. मोअर रात्रभर उभा राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर डीसी व्होल्ट पाहा. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता सेल मारून थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा वेग वाढवायचा दांडा, पूर्ण वर करा आणि तिथंच पुन्हा मोजा. रेग्युलेटर (बॅटरीकडे जाणारा व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) असलेल्या इंजिनवर आकडा हळूहळू चढत १३.८ ते १४.७ च्या दरम्यान स्थिरावला, तर चार्जिंग ठीक आहे आणि संशय बॅटरीवरच घ्यायचा. आकडा १२.४ वर होता आणि इंजिन चालू असूनही तिथंच बसून राहिला, तर नवी बॅटरी आणून काहीही साधणार नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरी उकळवून मारेल.

इथं दोन गोष्टी लोक विसरतात. एक, मंद थ्रॉटलवर मोजतात. ही इंजिनं पूर्ण वेगात, म्हणजे मिनिटाला साधारण ३,६०० फेऱ्यांना, चालवायची म्हणूनच बनवलेली असतात. मंद वेगात चार्ज कमीच दिसतो. दुसरी, ठार मेलेल्या बॅटरीवर चाचणी घेतात. बऱ्याच रेग्युलेटरना जागं व्हायलाच बॅटरीकडून थोडा व्होल्टेज लागतो. तेव्हा आधी चार्जरनं बॅटरी भरा, मग चार्जिंग तपासा.

मोअर म्हणजे छोटी मोटारगाडी, असं समजणं

गाडीच्या अल्टरनेटरची, म्हणजे वीज बनवून बॅटरी भरणाऱ्या भागाची, सवय असल्यामुळे वाटतं, अर्धा तास गवत कापलं की बॅटरी भरेल. मोअरवर अल्टरनेटर असा वेगळा नसतोच. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनवरच्या जड फिरत्या चाकाच्या, आतल्या बाजूला चुंबकं चिकटवलेली असतात, आणि ती तारेच्या वेटोळ्यांभोवती, म्हणजे स्टेटरभोवती, फिरतात. लहान इंजिनांवर यातून जेमतेम ३ अँपिअर मिळतात, मोठ्यांवर १५-१६. हिशेब करून पाहा. सेल मारताना स्टार्टरनं ५ सेकंद दीडशे अँपिअर ओढले, तर ते भरून काढायला ३ अँपिअरला चार-पाच मिनिटं पुरतात. पण २५ अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी भरायची झाली, तर आठ तासांहून जास्त. इतका वेळ गवत कोण कापतंय! रिकामी बॅटरी भिंतीवरच्या चार्जरनंच भरायची, तीही २ अँपिअरवर, सावकाश.

गाडीवरून जंप देताना, म्हणजे गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून मोअर सुरू करताना, गाडीचं इंजिन बंद ठेवा. आणि मोअर चालू झाला म्हणून 'बघू या तरी' म्हणत बॅटरीची वायर काढू नका. जुन्या गाड्यांच्या काळातली ही युक्ती मोअरचा रेग्युलेटर जाळते.

रेग्युलेटर बदलण्याआधी गंज न पाहणं

बिघडले म्हणून काढलेल्या पुष्कळ रेग्युलेटरांत दोष नसतो. रेग्युलेटर इंजिनच्या धातूवर स्क्रूनं बसवलेला असतो आणि बऱ्याच मॉडेलांत त्याची अर्थिंग त्या स्क्रूंमधूनच होते. खाली गंज किंवा रंगाचा थर असेल तर सर्किट पूर्ण होत नाही. स्क्रू काढा, जागा पॉलिश पेपरनं घासा, घट्ट बसवा, पुन्हा मोजा. तोच न्याय बॅटरीच्या काळ्या वायरला, जिथं ती चेसिसला, म्हणजे मोअरच्या लोखंडी सांगाड्याला, मिळते तिथं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन निघते. फ्यूजही पाहा, आणि उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही, कारण हिवाळ्यात इंजिनवरच्या आवरणाखाली त्यांचा संसार असतो.

एवढं करूनही चार्ज नसेल तर रेग्युलेटरचा कनेक्टर सुटा करा, मीटर एसीवर लावा आणि पूर्ण थ्रॉटलवर स्टेटरच्या दोन वायरींमध्ये मोजा. १५-१६ अँपिअरच्या सिस्टीमवर २८ व्होल्ट किंवा जास्त मिळाले तर स्टेटर चांगला, रेग्युलेटर बदला. आकडा खूप कमी आला तर दोष स्टेटरचा. मीटर डीसीवरच राहिला तर शून्य दिसेल आणि चांगल्या स्टेटरवर आळ येईल. ३ अँपिअरच्या साध्या इंजिनांवर रेग्युलेटर नसतो, वायरीत एक डायोड असतो. तो एकाच दिशेनं वीज सोडतो ना, एवढंच पाहायचं.

पाती सुरू केल्यावर काय होतं ते न पाहणं

पाती इलेक्ट्रिक क्लचवर, म्हणजे त्यांना इंजिनशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या विजेवरच्या भागावर, फिरत असतील तर तो क्लच एकटाच चार-पाच अँपिअर खातो. क्लच बंद असताना १४ व्होल्ट आणि सुरू केल्यावर १२.३, असं असेल तर चार्जिंग अपुरं आहे. पण ही चाचणी एकट्यानं करू नका. सीटवरून उठलात की सुरक्षा स्विच इंजिन बंद करतो, आणि तो स्विच बांधून ठेवून फिरत्या पात्यांशेजारी वाकणं म्हणजे हातपाय गमावण्याची तयारी. एकानं सीटवर बसावं, दुसऱ्यानं बॅटरीजवळून आकडा वाचावा. बॅटरी सीटखाली असेल तर हा उद्योग मेकॅनिककडेच.

हिवाळ्यात बॅटरी तशीच सोडणं

भरलेली बॅटरी अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणची थंडी सोसते. रिकामी मात्र शून्य सेल्सिअसच्या खाली थोड्याच अंशांवर गोठते. गोठलेली बॅटरी कधीही चार्जरला लावू नका, ती फुटू शकते. थंडीआधी बॅटरी काढा: आधी काळी वायर, मग लाल. उलट केलंत आणि पाना चेसिसला टेकला तर ठिणगी उडते. लावताना लाल आधी. काढलेली बॅटरी मेंटेनरवर, म्हणजे ती भरलेली राखणाऱ्या छोट्या चार्जरवर, ठेवा, किंवा अधूनमधून चार्ज करा.

स्टेटरच गेला असेल तर फ्लायव्हील काढावं लागतं. त्यासाठी योग्य पुलर, म्हणजे ते सरळ ओढून काढायचं हत्यार, हवा. हातोडीनं ठोकलं तर आतली चुंबकं निखळू शकतात, आणि इंजिनच्या वेगात निखळलेलं चुंबक स्टेटरचा चुरा करतं. पुलर हाताशी नसेल तर हे काम दुकानात द्या.