दाढीच्या ब्रशची मूठ: वजनाच्या या चुका टाळा

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, पहिली मूठ कातली की नवशिके एकच प्रश्न विचारतात, "जड झालीय ना चांगली?" जड म्हणजे दर्जेदार, ही समजूत एकदा डोक्यात बसली की पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. ब्रश चेहऱ्यावर फिरवायचा असतो. म्हणून एकूण ग्रॅम नंतर बघा, आधी ते वजन मुठीत कुठे बसलंय ते बघा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लाकडी मुठीच्या पोटात पितळ ठोकणं. इथल्या एका मुलाने भर पावसाळ्यात शिसमाची फार सुंदर मूठ कातली होती. हलकी वाटली म्हणून बुडातून भोक पाडून १६ मिमी जाडीचा, २५ मिमी लांबीचा पितळी गज घट्ट ठोकला. एवढ्याशा गजाचं वजन ४० ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे आख्ख्या लाकडापेक्षा जास्त. त्याला हातात धरताना फार बरं वाटायचं. मग सोलापूरचा उन्हाळा आला, पारा चाळिशीच्या पुढे गेला. पावसाळ्यात ओल धरलेलं लाकूड आकसलं, पितळ होतं तेवढंच राहिलं, आणि बुडापासून मानेपर्यंत, म्हणजे केसांखालच्या बारीक भागापर्यंत, उभी चीर गेली. त्याने चिरेत भुसा आणि इन्स्टंट गोंद भरला. आठवड्याभरात तिथून पाणी आत शिरलं, पॉलिश पांढरं पडून उचललं. एवढं देखणं लाकूड वाया गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

वजन हवं असेल तर ते मटेरियलमधून घ्या. साधारण ३० मिमी जाड आणि ५५ मिमी उंच भरीव तुकडा घेतला तर सागवान २५ ग्रॅमच्या आसपास भरतं, शिसम ३० च्या थोडं वर, अ‍ॅक्रिलिक ४५, अ‍ॅल्युमिनियम १०० च्या पुढे आणि पितळ तीनशेच्याही वर. केसांचा गुच्छा बसवायला वर जी खोबण पाडतो, तिचं वजन यातून वजा होतं. रोजच्या दाढीला मला शिसम किंवा अ‍ॅक्रिलिक पुरेसं वाटतं. धातू घालायचाच असेल तर भोक सैल ठेवा आणि लवचीक सिलिकॉनने बसवा. शिसं मात्र कधीच नको. ते विषारी आहे आणि घासताना त्याची धूळ पोटात जाते.

दुसरी चूक कोरड्या, रिकाम्या मुठीचं वजन करण्याची. काट्यावर ती छान दिसते आणि पाण्यात बुडवलेला गुच्छा लागला की डोक्याकडे कलंडते. बॅजर या प्राण्याच्या केसांचा गुच्छा सिंथेटिकपेक्षा जास्त पाणी धरतो, त्यामुळे एकच मूठ दोन्ही गुच्छांना सारखी बसत नाही. माझी सवय अशी: चिकटवण्याआधी गुच्छा ओला करायचा, एकदा झटकायचा, खोबणीत नुसता ठेवायचा आणि ब्रश आडवा करून एका बोटावर तोलायचा. तोल मानेच्या थोडा खाली, जिथे बोटं धरतात तिथे आला पाहिजे. केसांकडे झुकला तर मान बारीक करायची, बुडाला हात लावायचा नाही. मग गुच्छा पूर्ण वाळवून दुसऱ्या दिवशी इपॉक्सी गोंदाने चिकटवायचा.

ओल्या बाभळीवर घाई करू नका. शेताच्या बांधावरची बाभूळ फुकट मिळते, पण आज कातलेली मूठ वाळेपर्यंत चांगलीच हलकी होते आणि गोल खोबण लंबगोल होते. मी ठोकळ्याचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवतो आणि आकडा हलायचा थांबला की मगच लेथवर चढवतो. काही जण ठोकळा ओव्हनमध्ये भाजून काढतात. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही, त्याने लाकूड आतून फाटतं. थांबायचं नसेल तर पाडलेल्या वाड्याच्या दाराचं जुनं सागवान शोधा.

वजन कमी करायला खोबण खोल पाडू नका. गुच्छा आत बुडतो आणि केस टोचायला लागतात.

दुसऱ्याच्या ब्रशचे ग्रॅम जसेच्या तसे उचलू नका. वाटीत फेस करणाऱ्याला जड मूठ चालते, थेट गालावर फेस करणाऱ्याचं मनगट तिने दुखतं. सांधे धरलेल्या वडीलधाऱ्यांना जाड पण हलकी मूठ द्या.

आणि पॉलिशचे सगळे हात एकदम मारू नका. पहिला हात वाळला की ज्याच्यासाठी मूठ केली त्याच्या ओल्या, साबण लागलेल्या हातात ती एकदा द्या. निसटत असेल तर मानेला अजून थोडी खाच देता येते.