म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या : या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली पुडी. त्यात बरेचदा डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध असतं. आजोबांना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ही तिसरी गोळी किडनीवर घाला घालते. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, अंगातलं पाणी आधीच आटलेलं असतं; तेव्हा थोड्या दिवसांच्या पुडीनेही किडनी बसू शकते. शेक, लावायचं मलम, मांडीचे व्यायाम आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल, एवढ्यावर आधी भागवून बघा.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.

एकादशीला उपवास धरून ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली, तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आणि कृपा करून ‘वय झालं, असं व्हायचंच’ म्हणू नका. काल धड बोलणारी आजी आज घरच्यांना ओळखत नसेल, तर तो आजार आहे: लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं उतरलेलं सोडियम किंवा नवी सुरू झालेली गोळी. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, तर तो लकव्याचा झटका असू शकतो, गावात सलाईन लावत बसू नका. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या.

बीडकडे ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पुढचे चार-पाच महिने घरी म्हातारा-म्हातारीच उरतात. निघण्याआधी सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढेसुद्धा एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवा. पट्टी नावासकट ठेवा, सुट्या गोळ्या कुणालाच ओळखता येत नाहीत. सत्तरी पार केलेल्यांचं मोफत उपचारांसाठीचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्डही तेव्हाच काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही.