पेनावरचा पांढरा ढग

गेल्या पावसाळ्यात शिसवीचं एक पेन माझ्याकडे परत आलं. पुढच्या टोकाजवळ नखाएवढा पापुद्रा सुटला होता आणि त्याखाली पांढुरकं दिसत होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्या बाई संकोचून म्हणाल्या, "माझ्याच हातून पडलंबिडलं असेल हो." त्यांच्या हातून काहीच झालं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती पेन त्यांच्या हातात जायच्याही आधी होऊन गेली होती.

लेथवर पेन करायला शिकणारा आधी हत्यारांच्या मागे लागतो. मीही लागलो. खरं तर कातकाम पंधरा-वीस पेनांत हाताला बसतं, फिनिश, म्हणजे लाकडावरचा चकाकीचा थर, मात्र वर्षभर रडवतं. पेन दिवसभर घामट बोटांत असतं, त्यामुळे फर्निचरचा हिशेब इथे चालत नाही. लाखेचं स्पिरिट पॉलिश लेथवर दोन मिनिटांत झगझगीत दिसतं, पण काही महिन्यांत बोटं टेकतात नेमकी तिथली चकाकी उडते. म्हणून बहुतेक जण सायनोॲक्रिलेटकडे वळतात. घरातल्या फेविक्विकच्याच जातीचा गम. आधी पातळ गमाचे तीन-चार हात, वर मध्यम घट्ट गमाचे सहा-सात. लावायला टिश्यूपेपरच घ्या. सुती चिंधीवर हा गम पडला की चिंधी तापते, धूर निघतो, बोट भाजतं. माझं भाजलंय.

आता तो पांढरा ढग. हा गम ओलाव्याने आवळतो, म्हणजे घट्ट होतो. हवेतला ओलावा, लाकडातला ओलावा, त्याला दोन्ही चालतात. जुलैतल्या दमट दुपारी तो हवा तसा न आवळता घाईने आवळतो, आणि त्याची वाफ पृष्ठभागावर बसून पांढरी राख फासल्यासारखी दिसते. त्यात आपण 'लवकर वाळू दे' म्हणून ॲक्सिलरेटरचा फवारा जवळून मारतो. मग आत बारीक बुडबुडे. आमच्या गल्लीतले पॉलिशवाले मामा पावसाळ्यात दारं-कपाटं पॉलिशला घेतच नाहीत. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि लाखही पांढरी पडते. मामांची लाख आणि माझा गम, दोन्हींची रसायनं अगदी वेगळी, पण शत्रू एकच. मी आता पावसाळ्यात लाकूड कातून, घासून ठेवतो आणि गमाचं काम उघडीप मिळेल त्या दिवसासाठी राखतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढून बाहेरच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत बूच उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

ढग दिसला की नवखा माणूस लगेच वरून आणखी एक हात मारतो. थांबा. आधी दोष कुठल्या थरात आहे ते बघा. बोट पाण्यात बुडवून त्या डागावर फिरवा. ओलं असेपर्यंत डाग नाहीसा झाला आणि सुकल्यावर परत आला, तर तो नुसत्या ओरखड्यांचा आहे. घासून जाईल. ओलं असतानाही तसाच दिसला, तर तो थरांच्या आत किंवा लाकडावर आहे. तिथे वरून कितीही चकाकी आणा, काचेखाली पांढरं ठेवून काच पुसण्यातला प्रकार.

वलयांचं तसं सोपं आहे. गम जास्त घेतला की कडी-कडी उठते. चारशे नंबरचा पॉलिशपेपर कोरडाच धरा आणि मधेमधे लेथ थांबवून पेन उजेडाकडे तिरकं करून बघा. मंद पृष्ठभागावर जिथे अजून चकचकीत ठिपके दिसतात ते खळगे. सगळीकडे एकसारखं मंद होईपर्यंत घासायचं. पण लाकडाचा रंग मधेच बदललेला दिसू लागला तर हात तिथेच थांबवा, तुम्ही गम फाडून लाकडाला लागलात.

माझ्या शिसवीच्या पेनात तीन चुका एकत्र आल्या होत्या. शिसव तेलकट असते. गम लावण्याआधी ती ॲसिटोनने पुसायला हवी होती. चिंधी जांभळट-तपकिरी होईपर्यंत, मग नवी चिंधी, मग पुन्हा. मी एकदाच फिरवून सोडलं होतं. दुसरी चूक मायक्रोमेशची, म्हणजे चकाकी आणायच्या बारीक घासपॅडची. पंधराशेपासून बारा हजारांपर्यंतचे नऊ पॅड मी पाण्याने चालवले, पण पेनाच्या लाकडी तुकड्याची दोन्ही टोकं गमाने बंद केलेली नव्हती. तिथून पाणी आत शिरलं, लाकूड फुगलं आणि कड सुटली. शिवाय बुशला, म्हणजे लेथवर तुकड्याच्या टोकांना बसवायच्या धातूच्या कडीला, गम चिकटून बसला होता आणि मी तुकडा हिसकून काढला होता. बहुधा पापुद्र्याची सुरुवात तिथेच झाली. आता गम लावताना मी धातूची बुश काढून टेफ्लॉनचे शंकू लावतो, त्याला हा गम धरत नाही. ते नसतील तर सांध्यावर ब्लेडने एक बारीक रेघ मारून मगच तुकडा सोडवायचा.

पेन खोललं. बारीक सळई आणि हलक्या हातोडीने भाग सुटतात, घाई केली तर लाकडाच्या आत चिकटवलेली पितळी नळीही सुटते. सगळा गम लाकडापर्यंत उतरवला, ॲसिटोनचे चार हात दिले, टोकं बंद केली, नव्याने फिनिश चढवलं आणि आठ दिवस नुसतं ठेवून दिलं. गम उतरवताना लाकूड केसभर बारीक झालंच. त्यामुळे टोकाशी धातूची कड बोटाला किंचित लागते. पेन परत देताना बाईंना ते दाखवलं. त्यांनी अंगठा दोनदा फिरवला, "हो, लागतंय खरं," म्हणाल्या, आणि पर्समध्ये टाकलं.