स्विचवर डीएचसीपी लावायला बसण्याआधी

कन्सोल केबल (स्विचला थेट जोडून कमांड द्यायची केबल) शोधण्याआधी कागद घ्या. स्विचवर डीएचसीपी, म्हणजे मशिनांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय, चालू करायला दहा-बारा ओळी पुरतात, त्या कुठेही मिळतात. घोळ होतो तो कोणता पत्ता आधीच कोणाकडे आहे याचा हिशेब नसल्यामुळे. म्हणून कागदावर प्रत्येक व्हीलॅनसमोर (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क) सबनेट (त्याचा पत्त्यांचा पट्टा), मास्क (तो पट्टा केवढा ते), गेटवे (बाहेर जायचं दार), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) आणि लीजची (दिलेला पत्ता किती काळ त्या मशीनकडे राहील त्याची) मुदत लिहा, आणि हाताने द्यायच्या पत्त्यांसाठी वेगळी पट्टी आखून ठेवा. समजा व्हीलॅन १० ला १९२.१६८.१०.०/२४ दिलं, तर वापरता येणारे पत्ते २५४. त्यातले १ ते ५० गेटवे, स्विच, प्रिंटर, कॅमेरे यांच्यासाठी राखले की वाटायला उरतात २०४. माणसं शंभर असली तरी प्रत्येकाकडे लॅपटॉप आणि फोन असतो, हे मोजताना विसरू नका.

मग हाताने दिलेले पत्ते हुडका. याला निदान एक पूर्ण दिवस ठेवा. नुसत्या पिंगवर ('आहेस का' असं पत्त्याला विचारणाऱ्या संदेशावर) भरवसा ठेवू नका. कित्येक मशिनांच्या फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाहीत. पिंग मारून झाला की लगेच एआरपी टेबल (कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणता मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता, ही यादी) बघा, चालू असलेलं मशीन तिथे सापडतंच. बंद असलेलं मात्र कुठेच दिसत नाही. मी एकदा ही पाहणी रात्री, सगळे गेल्यावर निवांत केली. हजेरीचं मशीन त्या वेळी बंद होतं. त्याचा पत्ता पूलमध्ये, म्हणजे वाटायच्या पत्त्यांत, राहिला, सकाळी सगळ्यात आधी आलेल्या लॅपटॉपला तोच मिळाला आणि थोड्या वेळाने कोणीतरी हजेरीच्या मशीनचं बटण दाबलं. एकाच पत्त्यावर दोघं आले. सिस्कोचा स्विच पत्ता देण्याआधी स्वतः दोन पिंग मारून बघतो, पण बंद मशीन त्यालाही उत्तर देणार नव्हतं. तेव्हापासून पाहणी भर कामाच्या वेळेत करतो, आणि खोल्यांतून फिरून प्रिंटरच्या मेनूत पत्ता स्वतः वाचतो.

त्या व्हीलॅनमध्ये आधीच कोणी पत्ते वाटत नाही ना, हेही तपासा. एक लॅपटॉप त्या व्हीलॅनच्या पोर्टला लावा, पत्ता सोडून पुन्हा मागा. तुम्ही अजून काही चालू केलेलं नसताना पत्ता मिळाला, तर कुणीतरी घरगुती वायफाय राउटर लॅन पोर्टमधून जोडून ठेवलेला असण्याची दाट शक्यता आहे. विंडोजवर आयपीकॉन्फिगच्या सविस्तर यादीत डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता दिसतो. स्विचच्या मॅक टेबलवरून (कोणता मॅक कोणत्या पोर्टवर, ही यादी) त्याचा पोर्ट गाठा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता (कोणी दिला नाही की मशीन स्वतःच घेतं तो) आला, तर कोणीही वाटत नाहीये, मैदान मोकळं आहे.

स्विचमध्ये सर्व्हरची सोय आहे का, हे मॉडेल आणि फर्मवेअर पाहून ठरवा. साध्या अनमॅनेज्ड (सेटिंग न करता येणाऱ्या) स्विचमध्ये ती नसते. व्हीलॅन इंटरफेसला (त्या व्हीलॅनमधल्या स्विचच्या स्वतःच्या दाराला) पत्ता द्या आणि तो अप, म्हणजे चालू, आहे ना ते बघा. त्या व्हीलॅनमधला एकही पोर्ट चालू नसेल तर तोही डाउनच राहतो. इथे नवखे अडखळतात, कारण पूलमध्ये 'हा अमुक व्हीलॅनसाठी' अशी ओळच नसते. मागणी ज्या इंटरफेसवर आली त्याच्या सबनेटवरून सर्व्हर पूल निवडतो. रिलेमार्फत (दुसऱ्या नेटवर्कमधली मागणी पुढे पाठवणाऱ्या उपकरणामार्फत) आली तर रिलेने घातलेल्या पत्त्यावरून. म्हणजे इंटरफेस आणि पूल यांची सबनेट जुळली नाही, तर पूल कितीही सुबक लिहा, पत्ता मिळत नाही.

राखीव पट्टी आधी वगळा, पूल नंतर लिहा. पूलमध्ये सबनेटची ओळ पडली की वाटप सुरू होऊ शकतं, आणि तेवढ्या मिनिटभरात एखाद्या फोनने राखीव पत्ता उचलला की त्याच्या मागे धावत बसावं लागतं. सिस्कोवर वगळण्याची ओळ पूलच्या बाहेर, ग्लोबल मोडमध्ये लिहायची असते.

लीजची मुदत विचार करून ठरवा. सिस्कोवर न सांगता एक दिवस मिळतो, टेबलावरच्या मशिनांना तो ठीक आहे. पाहुण्यांच्या वायफायला मी दोन ते चार तासच देतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक लपवून बनावट मॅक दाखवतात. तो बदलला की तोच फोन सर्व्हरला नवा वाटतो आणि आणखी एक पत्ता अडकतो. आणि क्लायंट, म्हणजे पत्ता घेणारं मशीन, अर्धी मुदत सरल्यावरच नूतनीकरण मागतो. डीएनएस बदलायचा बेत असेल तर आदल्या आठवड्यातच लीज तासाभरावर आणा, नाहीतर काही जण जुन्याच डीएनएसकडे विचारत राहतील.

प्रिंटरला कायमचा एकच पत्ता बांधायचा असेल, तर बाइंडिंगची (कोणता पत्ता कोणाला दिला त्याची) यादी नीट वाचा. मशीनचा मॅक ००:११:२२:३३:४४:५५ असेल, तर सिस्कोच्या यादीत तो बहुधा ०१००.११२२.३३४४.५५ असा दिसतो. पुढचा ०१ म्हणजे इथरनेट. क्लायंट आयडेंटिफायर (मशीन मागणीत पाठवतं ती ओळख) लिहिताना तो गाळला की आरक्षण चुपचाप निकामी होतं. काही मशिनं हा आयडेंटिफायर पाठवतच नाहीत. त्यांना हार्डवेअर अॅड्रेसनेच, म्हणजे नुसत्या मॅकने, बांधा.

मशिनं जोडलेल्या टोकाच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग) लावा. साधा स्पॅनिंग ट्री (जोडणीत वेटोळं होऊ न देणारी यंत्रणा) पोर्ट उघडायला ३० सेकंद घेतो, तोवर काही मशिनं पत्ता मागून थकलेली असतात. डीएचसीपी स्नूपिंग (भलत्या पोर्टवरून पत्ते वाटू न देणारा पहारा) लावाच, पण सर्व्हरच्या दिशेचा अपलिंक (वरच्या स्विचला जोडणारा पोर्ट) ट्रस्ट केल्यावर, म्हणजे विश्वासाचा ठरवल्यावर. खालचा स्विच स्नूपिंग करताना मागणीत ऑप्शन ८२ (मागणी कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवरून आली ही माहिती) घुसवतो आणि वरचा सिस्को सर्व्हर अशी मागणी टाकून देतो. वरच्या व्हीलॅन इंटरफेसवर ती माहिती ट्रस्ट करा, किंवा खाली ऑप्शन घालणंच बंद करा.

कॉन्फिगरेशन सेव्ह केलं तरी दिलेल्या लीजची नोंद मेमरीतच असते. स्विच रीबूट झाला की कोणाला काय दिलं हे तो विसरतो, क्लायंट मात्र विसरत नाहीत. त्यासाठी नोंदी फ्लॅशवर किंवा दुसऱ्या सर्व्हरवर लिहिण्याची सोय चालू करा.

पुढे आठवड्यातून एकदा पूल किती भरला ते बघा. ऐंशी टक्क्यांच्या वर गेला की मी लीज कमी करतो किंवा सबनेट मोठं करायला घेतो. त्याच बैठकीत कॉन्फ्लिक्टची (आधीच दुसरं कोणी वापरताना आढळलेल्या पत्त्यांची) यादीही काढा. त्यात गेलेला पत्ता आपण हाताने मोकळा करेपर्यंत वाटपाबाहेर राहतो, त्यामुळे पूल आतून आटत जातो. सगळी यादी एका कमांडमध्ये साफ करण्याचा मोह होतो. त्याआधी प्रत्येक पत्त्याला पिंग मारा, एआरपीत मॅक बघा, मॅकवरून पोर्ट गाठा, आणि तिथे जे मशीन सापडेल ते कागदावरच्या राखीव पट्टीत लिहून घ्या.